डब्यातला चिरा

आमच्या चुलीशेजारी पत्र्याचा एक गोल डबा आहे. त्याच्या झाकणावर जांभ्याचा गोल दगड असतो, चार बोटं जाड, भाकरीएवढा. उंदरांनी झाकण पाडू नये म्हणून ठेवलाय, असं माझी बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ते खोटं नव्हतं. पण तो दगड मूळचा झाकणावरचा नव्हे. तो डब्याच्या तळाला होता, आणि तिथं तो मी घातला होता. त्या दगडापायी तिचं नाव खराब झालं, आणि ते जिथवर खराब झालं तिथवर माझा आवाज पोचायचा नाही. म्हणून लिहितो. माझं शिक्षण मिशनच्या शाळेत दुसरीपर्यंत. अक्षर आणि बोलणं दोन्ही ओबडधोबड, ते चालवून घ्यावं.

मी चिरे, म्हणजे भिंतीचे घडीव दगड, काढणारा माणूस. रत्नागिरीच्या सड्यावर, वरच्या खडकाळ माळावर, जांभ्याच्या खाणी आहेत, तिथं जन्म गेला. जांभा ओला असतो तोवर मऊ, टाकीखाली बऱ्या बोलानं तुटतो. ऊन-वारा लागला की कडक होतो. मी डावखुरा, त्यामुळं माझी टाकी उलटी पडते. इतरांच्या घावाच्या रेघा एकीकडे कलतात, माझ्या दुसरीकडे. भिंतीत बसलेला चिरासुद्धा माझा असला तर मी लांबून ओळखतो. गवंडीही ओळखतात.

माझ्या बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी कडेवर होतो. भावकीनं आमची वाट सोडली, विहीर बंद केली. "मूठभर तांदळासाठी बाटले," असं तोंडावर म्हणायचे. बाप मेला तरी ते बोलणं मेलं नाही. माझी बायको मिशनच्या अनाथ मुलींत वाढलेली. लग्नानंतर तिनं ते पहिल्यांदा ऐकलं बाजारात. मी मान खाली घातली. ती घरी येऊन म्हणाली, "तांदळासाठी बाटलो म्हणतात ना? मग तांदूळ देऊनच दाखवू."

आमच्या ख्रिस्ती मंडळीत बायांची एक रीत होती. रांधायला तांदूळ घेतले की त्यातली एक मूठ बाजूला, देवाच्या डब्यात. सकाळी एक, संध्याकाळी एक. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाया आपापले डबे मिशनच्या देवळात आणायच्या. पुढं पांढरी चादर अंथरलेली असायची, तिच्यावर ओतायच्या. ते तांदूळ ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याच्याकडे जायचे, मग तो कोणत्या का जातीचा असेना. वाटून पोचवायचं काम माझ्या बायकोकडे होतं. आमच्यासारख्यांना दुसरा मान कुठला? तेवढा एक तिला होता, आणि तो ती डोळ्यांत तेल घालून जपायची.

आम्हांला एक मुलगी होती. आईचं बघून तीही मूठ टाकायची. तिची मूठ ती केवढी! थोडे दाणे मावायचे, त्यातलेही चार जमिनीवर सांडायचे. आई ते वेचायला लावायची. मोठी लढाई संपली तेव्हा मानमोडीचा ताप आला, शेजारची अख्खी घरं गेली, आम्ही तिघं वाचलो. आणि पुढं तीन वर्षांनी साध्या तापानं पोर चार दिवसांत गेली. पाच वर्षांची होती.

मी देवावर रागावलो. एवढ्या मोठ्या तापातून काढलीस, ती अशी न्यायला? देवळात जायचो, कारण न जावं तर लोक विचारणार. गाणं सुरू झालं की नुसते ओठ हलवायचो. दारू प्यायला लागलो. बायको रडायची, प्रार्थना करायची, आणि उठून डब्यात मूठ टाकायची. मला तिचाच राग यायचा. हिला लागलंच नाही, असं वाटायचं. किती गाढव होतो मी.

त्याच वर्षी पावसाळ्यात खाडीपलीकडच्या कोळीवस्तीत पटकीची साथ लागली. लोकांनी तिकडची वाट सोडली. त्यांची मासळी कुणी घेईना, म्हणून जे आजारी नव्हते तेही उपाशी. माझी बायको आणि आमची शेजारीण दोघी रोज होडीनं पलीकडे जायच्या. शेजारीण आमच्याच मंडळीतली, गवंड्याची सून, जिभेला मिरची लावल्यासारखी. दोघी तिथं पाणी उकळायच्या, मीठ घालून पेज पाजायच्या, घाण उपसायच्या. पावसात खाण भरलेली, मला काम नव्हतं. मी ओटीवर बसून असायचो.

शेजारीण परत येताना दारात उभी राहून ओरडायची, "काय हो भाऊ, पाणी खाणीत भरलं आणि तुम्ही घरात भरलात होय? चला की होडी वल्हवायला."

"मला नाय पटकी लावून घ्यायची."

"पटकीसुद्धा तुमच्याकडे यायची नाय. वास येतो तुमचा."

बायको पदर तोंडाला लावून हसू दाबायची. मला तेही खुपायचं.

एका शनिवारी सकाळी त्या दोघी गेल्या. दुसऱ्या दिवशी महिन्याचा पहिला रविवार. घरात पैसा नव्हता, आणि दारूवाचून मला राहवत नव्हतं. डबा समोर होता. झाकण काढलं, भरत आलेला. मला अजून आठवतं, मी मोठ्यानं बोललो, "तू माझी पोर नेलीस, मी तुझे तांदूळ नेतो." दारूड्याला चोरी करायलाही देवाशी भांडण लागतं. निम्म्याहून जास्त तांदूळ पंच्यात बांधले आणि गुत्त्यावर जाऊन त्याची दारू प्यायलो. त्या तांदळांनी पलीकडची एखादी चूल तीन-चार दिवस पेटली असती. मला ते ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं आता म्हणणार नाही.

दुपारी घरी आलो आणि डबा बघून घाम फुटला. बायको डब्यात बोट घालून रोज माप बघणारी. ऐन पावसात उसने तांदूळ देणार कोण? मग मला माझ्या धंद्याची अक्कल सुचली. टाकी घेतली, खाणीच्या काठावरचा ओला चिरा फोडला, डब्याच्या मापाचा गोल तुकडा काढला. डब्यातले उरलेले तांदूळ सुपात काढले, दगड तळाला बसवला, तांदूळ वर ओतले. पहिल्या मापाला बरोब्बर आले. बाजूला केसाची फट नव्हती. नशेत असूनही हात चुकला नाही याचा मला अभिमान वाटला. हो, अभिमान. पुढं काय, ते डोक्यात आलंच नाही. चादरीवर डबा ओतणारच, ही साधी गोष्ट मला सुचली नाही.

रविवारी सकाळी ती डबा कडेवर घेऊन निघाली. पाऊस थांबला होता. वाटेत तिनं डबा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतला.

"अहो, या महिन्यात भारी जड लागतोय," ती म्हणाली. "वाढले की काय आपोआप? पवित्र शास्त्रातल्या त्या विधवेच्या मडक्यातलं पीठ सरत नव्हतं, तसं झालं बहुतेक आपलं."

आणि हसली. पोर गेल्यापासून ती मोकळं हसली ती त्या दिवशी. मी तिच्या मागून चाललो होतो. तेव्हा तरी बोलायचं होतं. "थांब, मागं फिर," एवढे तीन शब्द. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

देवळात बाया एकीकडे, पुरुष एकीकडे, सगळे चटईवर. एकेक बाई उठून डबा ओतत होती. ओतताना तांदळाचा पाऊस पडल्यासारखा आवाज यायचा. माझ्या बायकोनं डबा उलटा केला. तांदूळ पडले, आणि मागून धप्पकन दगड पडला. ढिगाच्या मधोमध. ओल्या जांभ्याची लाल माती खालच्या तांदळांना लागली होती, चादर लाल झाली.

कुणीतरी फिसकन हसलं.

तेव्हाचे आमचे पाळक घाटावरचे, कडक माणूस. ते जवळ आले. "हे काय, बाई?"

ती खाली बसली. दगड हातानं फिरवून बघितला. टाकीच्या रेघांवरून तिचं बोट गेलं, ते मी बघितलं. मग उठून उभी राहिली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

"मी घातला," ती बोलली.

"तुम्ही? कशासाठी?"

"तांदूळ खर्चले. घरात नव्हते."

जन्मात खोटं न बोललेली बाई देवळात उभी राहून माझ्यासाठी खोटं बोलली. मी माझ्या पायांकडे बघत होतो. नखांत लाल माती होती. ती दिसू नये म्हणून पाय मांडीखाली घेतले. यापलीकडे मी काही केलं नाही.

पाळकांनी तिथल्या तिथं सांगितलं, तांदळाचं काम आजपासून दुसऱ्या बाईकडे, आणि तीन महिने हिनं प्रभुभोजनाला बसायचं नाही. त्याच दिवशी प्रभुभोजन होतं. ती उठून मागं दाराशी जाऊन बसली. भाकरीचं ताट फिरत फिरत माझ्यापाशी आलं. नको म्हटलं असतं तर लोकांनी का म्हणून विचारलं असतं. मी घेतली. मागून प्याला आला, तोही घेतला. लोक मला चोरीची गोष्ट विचारतील या भीतीनं मी ते खाल्लं-प्यायलो. आयुष्यात मी बरंच वाईट केलं, पण त्या घासाएवढं वाईट दुसरं काही नाही.

घरी येताना तिनं रिकाम्या डब्यात तो दगड आणला. मी वाट बघत होतो, आता शिव्या देईल, डबा अंगावर फेकील. तिनं पेज केली. तांदूळ घेतले, त्यातली एक मूठ रिकाम्या डब्यात टाकली. मग चिमूटभर आणखी घेतले आणि तेही टाकले. झाकण लावलं, वर दगड ठेवला.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "दोनदा कशाला टाकतेस?"

"दुसरी तिची," ती म्हणाली. "ती गेल्यापासून टाकते. पेज घ्या, निवेल."

म्हणजे मी प्यायलो त्यात माझ्या पोरीची मूठसुद्धा होती. मी देवाकडून वसूल करायला गेलो होतो पोरीच्या नावानं. पेजेचा वाडगा मी तसाच बाजूला सरकवला. दारू सुटली ती तेव्हापासून. पण दारू सोडणं सोपं, तोंड उघडणं कठीण.

ती दुसऱ्या दिवशी परत खाडीपलीकडे गेली. वाटायला हातात तांदूळ नव्हते, नुसतीच गेली. "काम काढून घेतलं, हात काढून घेतले नाहीत," असं शेजारणीला सांगत होती. आठ दिवसांनी मी होडीवर गेलो. वल्हं मारलं, पाणी वाहिलं. कुणी मला भला म्हणावं म्हणून नव्हे. घरात त्या डब्यासमोर बसवेना म्हणून. पटकी तिच्या मुदतीनं गेली. प्रार्थना केली म्हणून कुणाच्या घराला वळसा घालून गेली नाही. आमच्या मंडळीतलीही दोन माणसं गेली.

तीन महिन्यांनी ती प्रभुभोजनाला बसायला लागली. तांदळाचं काम मात्र तिच्याकडे परत आलं नाही. पाळक बदलले की जुन्यानं नव्याला सांगायचं, ही बाई चांगली आहे, पण तिच्या हातात काही देऊ नका. दापोलीच्या मंडळीपर्यंत ती गोष्ट गेली. पाहुणी बाई कुणी आली की आधी तिच्याकडे बघायची, मग आमच्या डब्याकडे. अशी सोळा वर्षं. रोज सकाळ-संध्याकाळ ती दगड उचलायची, मोठी मूठ टाकायची, लहान मूठ टाकायची, दगड परत ठेवायची. मला वाटायचं, मला दाखवायला करते.

पुढं मंदीचे दिवस आले. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. गावोगावची माणसं आगबोटीनं परत यायला लागली, डोक्यावर ट्रंक आणि ट्रंकेत काही नाही. त्यांत आम्हांला 'बाटगे' म्हणणारेही होते. एकाच्या घरी देवळाचे तांदूळ गेले तेव्हा त्यानं ते घेतले आणि मान खाली घातली. ती मान मला ओळखीची होती. मी बायकोला म्हणालो, "बघितलंस? आता कोण तांदळासाठी..."

"गप बसा," ती म्हणाली. "भुकेला माणूस आहे तो."

मी लहानपणापासून ऐकत आलो, विश्वास म्हणजे खडक. मी चिरेवाला, मला वाटायचं, खडक म्हणजे भिंत बांधायची, आत आपण बसायचं, बाहेरचं दुःख बाहेर. पोर गेली तेव्हा माझी ती भिंत पडली. हिनं भिंत बांधलीच नव्हती. तिच्याकडे मूठ होती. दुःख आलं त्या दिवशीही टाकायची, नाव बदनाम झालं त्या दिवशीही टाकली. जगात काय चाललंय हे तिच्या हातात नव्हतं, मूठ होती. प्रभू तिच्याजवळ होता तो बहुतेक असाच. मला तिच्यासारखा विश्वास आला असं म्हणत नाही. बघायला मिळाला एवढंच.

गेल्या वर्षी ती अंथरुणाला खिळली. दम लागायचा. मूठ टाकायला उठवेना, मग डबा मी तिच्या हातापाशी न्यायचो. एक दिवस दगड उचलून बाजूला ठेवला आणि बोललो, "अगो, हा मी घातला होता."

"ठाऊक आहे मला."

"मला माफ कर."

"माझं केव्हाच झालं. मला कशाला सांगता? मी काय त्या दिवशी चटईवर बसून ऐकत होते? ज्यांच्यापुढं नाय बोललात त्यांच्यापुढं बोला."

"मग हा दगड रोज माझ्यापुढं का ठेवलास?"

ती दम घेत हसली. "उंदीर किती आहेत घरात! आणि डब्याला बसतो कसा बरोब्बर. तुमचा हात चांगला, टाकायचा कशाला?"

रविवारी बोलतो, असं मी म्हणालो. त्या रविवारी पाऊस होता. पुढच्या रविवारी तिला जास्त झालं. अशा सबबी मला नेहमीच मिळत आल्या. ती ऐकायला राहिली नाही. तिला पुरलं तेव्हाही मी गप्प होतो, आणि तिच्यासाठी प्रार्थना करताना नवे पाळक म्हणाले, "आमची बहीण चुकली, पण सुधारली." मी ते उभ्यानं ऐकून घेतलं.

मग महिन्याचा पहिला रविवार आला. तिचा डबा मीच भरला होता. माझी मूठ मोठी, तिच्या मापाची टाकायला मला बोटं आवळावी लागत, आणि पोरीची तर तीन बोटांनी. मला बोलायला जमणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून डबा सुपात रिकामा केला, दगड तळाला घातला, वर तांदूळ भरले. देवळात बायांच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. कुणी काही म्हटलं नाही, रंडका माणूस, घरात बाई नाही. माझी पाळी आली. डबा उलटा केला.

तोच आवाज झाला. आता मागं फिरायची सोय नव्हती.

"हा तेव्हाही मीच घातला होता," मी म्हणालो. "तांदूळ मी नेले, दारू प्यायलो. ती खोटं बोलली, माझ्यासाठी. त्या दिवशी प्रभुभोजनही मी घेतलं. तिला तीन महिने बाहेर बसवलं होतं. मला तेवढे तरी बसवा."

नवे पाळक तरुण. ते माझ्याकडे बघत राहिले, मग बायांकडे. पुढं शेजारीण बसली होती. आता तिचे दात गेलेत, जीभ शाबूत आहे.

"अहो भाऊ," ती म्हणाली, "ते आम्हांला त्याच दिवशी कळलं. मी गवंड्याची सून. डावखुऱ्याची टाकी मला ओळखता येत नाय होय?"

"मग बोललात का नाही?" मी विचारलं.

"तिनं बोलू दिलं तर ना! त्यांचं त्यांना बोलू दे, म्हणाली. आम्ही आपल्या वाट बघत बसलो. वाट बघता बघता निम्म्या बाया वर गेल्या."

कुणी हसलं नाही. मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. सोळा वर्षं मी जे लपवत होतो ते सगळ्या बायांना ठाऊक होतं. त्या मला सलाम करत होत्या, माझ्या हातचं पाणी घेत होत्या, आणि वाट बघत होत्या. माझ्यापायी तिचा मान गेला, आणि तो परत द्यायला मला एक वाक्य पुरलं असतं.

मी दाराशी जाऊन बसलो, ती बसायची त्या जागी. ताट आलं, पुढं गेलं. उपासना संपली. शेजारीण ढीग सारखा करून उठली, गुडघ्यावर हात ठेवत माझ्यापाशी आली आणि तो दगड माझ्या मांडीवर ठेवला.

"हा घरी न्या," ती म्हणाली. "डब्याला उंदीर लागतील."